छत्तीस पापुद्रे

सून फार चांगली असणं कधीकधी घराला परवडत नाही. बिबियाना तशी फार चांगली होती. कोंबडा आरवायच्या आधी उठायची, सासऱ्याला दोन्ही हातांनी पाण्याचा तुंबा द्यायची, कुणी टोमणा मारला तर मान खाली घालायची, आणि डोळ्यांसमोर येईल ते झाडून काढायची. लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात अंगण, कोंबड्यांचं खुराडं, ज्वारीची कोठी, एवढंच काय, गच्चीवर जायची लाकडी शिडीसुद्धा तिने घासून लखलखीत केली होती. आईबाप तिचे इथलेच, दगारा जमातीचे. पण बाप खाणीत नोकरीला लागला आणि पोरगी दूर दक्षिणेत ओबुआसीला वाढली, म्हणून वस्तीने तिचं नावच 'ओबुआसी' ठेवून टाकलं. सासरी निघताना आईने बजावलं होतं, "पहिलं वर्ष तोंडाला कुलूप आणि हातात केरसुणी. मग बघ, कुणाची नावं ठेवायची टाप नाही." मुलीने दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या.

त्या गुरुवारी उजाडताना ओढ्यापलीकडून सांगावा आला की म्हातारा दापिला गेला. वय नव्वदीच्या घरात. पिकलं पान गळलं, त्याचं दुःख असतं, पण गाव त्याला सणासारखं पोचवतं. गाणं, नाच, ज्वारीची दारू, सगळं व्हावंच लागतं. बिबियानाचा सासरा कुनिफा सांगावा ऐकून उंबऱ्यावरून उठला. मग आत जाऊन त्याने आपली जील, काठ्यांनी वाजवायचं ते वाद्य, बाहेर आणली. कमरेच्या उंचीची, जड लाकडाच्या अठरा पट्ट्यांची, प्रत्येक पट्टीखाली एक सुका भोपळा टांगलेला. अंगणात ती आडवी करून त्याने भोपळ्यांच्या भोकांवरचे जुने, फाटके पापुद्रे अंगठ्याने एकेक करून खरवडून काढले. अठरा भोपळे, छत्तीस भोकं. मग सुरी आणि बाटली घेऊन तो झाडाचा चीक काढायला ओढ्याकडे गेला.

इथे बिबियानाच्या चांगुलपणाला जोर चढला. मयताला लांबलांबचे पाहुणे येणार, चार जण आपल्याकडेही झोपायला येतील. नवरा कॉस्मस ट्रक घेऊन कुमासीला गेलेला, शनिवारी येणार. म्हणजे घराची अब्रू तिच्या एकटीच्या हातात. आणि घरातली सर्वांत वाईट खोली सासऱ्याची. सासू जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून त्या खोलीत केरसुणी शिरली नसावी. बिबियाना आत गेली आणि तिला शिसारीच आली. चारी भिंतींवर कोळ्यांचं राज्य. कोपऱ्यांत जाळी, आणि भिंतभर नाण्याएवढ्या पांढऱ्या चकत्या, खरजेसारख्या पसरलेल्या. तिने पदर बांधावा तसं कापड डोक्याला बांधलं आणि कामाला लागली. टोपलंभर कचरा निघाला. तो तिने परसात जाळला. मग शेण कालवलं, त्यात शेंगांच्या टरफलांचं काळं पाणी घातलं आणि चारी भिंती वरपासून खालपर्यंत सारवल्या. उन्हं अंगणात उतरेपर्यंत खोली अशी दिसत होती की बिशपलाही उतरवून घ्यावं.

कुनिफा परत आला. हातात चिकाची बाटली, पातळ पात्याची सुरी. दारातच थांबला.

"माझ्या भिंती कुठे गेल्या?"

"सारवल्या, बाबा."

"आणि त्यांच्यावर होतं ते?"

"जाळलं. टोपलंभर निघालं," बिबियाना म्हणाली. तिला वाटलं आता शाबासकी मिळणार.

कुनिफा खाली बसला. ओरडला नाही, कपाळाला हात लावला नाही, नुसता बसला. ओरडला असता तर बरं, असं बिबियानाला नंतर दिवसभर वाटत राहिलं.

झालं होतं असं, आणि ते तिला आत्ता कळलं. त्या पांढऱ्या चकत्या म्हणजे कोळिणीने अंड्यांवर विणलेली घरं. पिल्लं निघून गेली की मागे कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रा राहतो. तो हलक्या हाताने सोलायचा, चीक लावून भोपळ्याच्या भोकावर चिकटवायचा. वर पट्टी वाजली की खाली पापुद्रा थरथरतो आणि जील गुणगुणायला लागते. तो काढून डबीत भरून ठेवता येत नाही, सुकून तडकतो. भिंत हीच त्याची डबी. कुनिफाने तीन वर्षं ती भिंत कुणाला हात लावू दिली नव्हती. सुनेला सांगायचं राहून गेलं, कारण या गावात जन्मलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही.

त्याने काठी उचलली आणि एक पट्टी वाजवली. स्वच्छ, टणक आवाज आला.

"ऐकलंस?"

"चांगली वाजतेय की, बाबा."

"वाजतेय. बोलत नाहीये." त्याने काठी खाली ठेवली. "बेचाळीस वर्षं मी आणि दापिला शेजारी बसून वाजवत आलो. आमचं ठरलं होतं, आधी जाईल त्याच्यासाठी राहील त्याने वाजवायचं. त्याची जील त्याचा धाकटा मुलगा घेईल, पण तिच्या जोडीला हीच लागते, दुसऱ्या कुणाची तिच्याशी जुळत नाही. आता त्याला निरोपासाठी मचाणावर बसवतील. तो वाट बघेल आणि मी हे असलं मिठाशिवायचं कालवण घेऊन जाऊ?"

"पाण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. कापून लावल्या तर?"

"धाकट्याने स्वतःच्या जीलीला प्लास्टिक लावलं होतं. सहा महिने दापिला त्याच्या घरी जेवला नाही."

बिबियानाने विचारलं, "कधीपर्यंत लागतील?"

"ऊन कललं की सुरुवात. त्याआधी."

"मी आणते," तिने त्याची सुरी उचलली. "गाव भरलंय घरांनी. कोळी काय आपल्याच घरात होते?"

कुनिफाने तिला अडवायला हवं होतं. म्हातारा शहाणा होता, पण दुःखात माणसाला शहाणपण वाटून देण्याची ताकद राहत नाही.

पहिलं घर शेजारचं, सबीनाचं. सबीना नात्याने जाऊबाई, तोंडाने फौजदार. ती दारात शेंगदाणे निवडत होती.

"वहिनी," बिबियानाने अदबीने विचारलं, "तुमच्या घरात कोळी आहेत का हो?"

सबीनाचा हात थांबला. "काय आहेत?"

"कोळी. भिंतीवरचे. जुने असले तर जास्त चांगले."

"माझ्या घरात?" सबीना उभी राहिली. तिच्या मांडीवरचे शेंगदाणे अंगणभर झाले. "तीन आठवड्यांची सून तू. अजून तुझ्या लग्नातल्या कोंबडीची पिसं उडतायत. आणि माझ्या घरातले कोळी मोजायला आलीस? कुणी सांगितलं तुला? त्या वरच्या आळीच्या ब्रिजिताने ना?"

"नाही हो, मला हवेत म्हणून..."

"तिच्याकडे जा. तिच्याकडे कोळीही आहेत आणि उंदीरही."

ब्रिजिताच्या घरी म्हातारा नवरा पुढे आला आणि उत्साहाने म्हणाला, "आहेत की, पुष्कळ आहेत, ये आत."

"कुठे आहेत?" मागून ब्रिजिता म्हणाली. आवाज फार चढला नव्हता, पण म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"नाहीत," तो म्हणाला. "मला दुसरं काहीतरी वाटलं."

तिसऱ्या घरी पोचेपर्यंत सबीनाने फोन फिरवले होते. ओबुआसीची पोरगी घरोघर जाऊन कोळी शोधतेय, ही बातमी तिच्या पुढे पळत होती, आणि बातमीच्या पुढे केरसुण्या. बिबियाना एकेका अंगणात शिरायची आणि आतून खसाखसा आवाज यायचा. चौथ्या घरात तर बाई स्टुलावर उभी राहून छत झाडत होती, बिबियानाकडे पाहून गोड हसली आणि म्हणाली, "ये ना, बघ हवं तिथे." तिच्या पायाशी कचऱ्यात वीसेक पांढरे पापुद्रे चुरून पडले होते. बिबियानाला रडावं की हसावं कळेना. जितकी ती फिरत होती तितके गावातले कोळी बेघर होत होते. तीन वर्षांत झाली नसेल एवढी सफाई त्या वस्तीने एका सकाळी केली, आणि श्रेय सगळं हिचं.

चर्चच्या कोठीत, मोडक्या बाकांमागे चार मिळाले. त्यातला एक सोलताना फाटला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिच्याकडे भोपळ्याच्या वाटीत, ओल्या फडक्याखाली, तीन पापुद्रे होते.

ती ओढ्याकाठच्या कडुनिंबाखाली येऊन बसली. तिथे एमेरेन्शियाच्या दारूच्या चुली होत्या. एमेरेन्शिया सत्तरीची, जाडजूड, आणि गावातलं कुणाचं काय कुठे ठेवलंय हे पाठ असलेली. मयतासाठी तिने पहाटेपासून चार रांजण चढवले होते.

"काय गं ओबुआसी, किती पकडलेस?"

"तीन." बिबियानाने वाटी पुढे केली. "आजी, मी काय वाईट विचारलं?"

"एखाद्या बाईला तिच्या दारात जाऊन विचारायचं, तुझं घर किती घाण आहे? नाही गं, काही वाईट नाही." एमेरेन्शियाने तिच्या हातात एक वाटी दिली. "पी. वाजवणारा माणूस हे सगळं उन्हाळ्यात, गुपचूप, पुरुषाकडून मागून घेतो. भर मयताच्या दिवशी बायकांना विचारत नाही. बरं, मला सांग, तुझ्या बापाचं कूळ कुठलं?"

बिबियानाने सांगितलं. एमेरेन्शियाची पळी हवेत थांबली.

"आणि दापिला तुमच्याकडे येऊन गेला होता ना?"

"तीनदा. त्याला मी आवडले नव्हते."

"काय म्हणाला?"

बिबियानाला शब्दन् शब्द पाठ होता. रात्री आठवून ती कूस बदलायची. "पहिल्यांदा माझं कूळ विचारलं, हसला, आणि म्हणाला, ओबुआसीत भेंडी महाग आहे का गं, कालवणात शोधावी लागते. दुसऱ्यांदा म्हणाला, कॉस्मसने बायको आणली की केरसुणी? आणि तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर म्हणाला, ही मुकी निघाली, बदलून आणा."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मान खाली घातली."

एमेरेन्शिया हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता चुलीजवळ बसली आणि डोळे पुसले. ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं.

"अगं खुळे, थट्टेकरी होता तो तुझा. तुझ्या बापाचं कूळ आणि त्याचं कूळ, पणजोबांच्या आधीपासून थट्टेचं नातं आहे. त्याने तुला बोलायचं, तू त्याला दुप्पट बोलायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. तुझ्या बापाने सांगितलं नाही?"

"बाबा खाणीतून यायचे आणि झोपायचे."

"तीन वेळा म्हाताऱ्याने खोडी काढून पाहिली. मग इथे येऊन बसायचा आणि म्हणायचा, एमे, पोरीच्या तोंडाला कुलूप आहे, पण डोळ्यांत उत्तर दिसतं. उघडेल कधीतरी. आपण कुठे जातोय?"

बिबियानाने वाटी खाली ठेवली. सकाळी सांगावा आला तेव्हा तिला मनातल्या मनात जरासं हायसं वाटलं होतं. आता चौथ्यांदा येणार नाही, असं वाटलं होतं. ते आठवून तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"रडायला तीन दिवस आहेत," एमेरेन्शिया म्हणाली. "आधी ऐक. दापिलाची वाद्याची खोली आहे ना, पाठची. तिथे त्याने चाळीस वर्षं बायकोला, पर्पेतुआला, केरसुणी नेऊ दिली नाही. जीव खाल्ला तिने, पण नाही. भिंत पांढरी झालीय नुसती. आता खोलीला कडी घातलीय, माती होईपर्यंत आत कुणी जायचं नाही. बायकोनेही नाही, मुलानेही नाही. तुझा सासरा जन्माचा दोस्त, पण दोस्ताला ती कडी काढता येत नाही."

"मग?"

"थट्टेकऱ्याला येते. थट्टेकरी मयताच्या घरातून काहीही उचलतो, कोंबडी, टोपी, चुलीवरचं भांडं, कुणी अडवायचं नाही. पण मुक्याने नाही. आधी त्याच्यासमोर उभं राहायचं आणि चारचौघांत त्याची टर उडवायची."

"मेलेल्या माणसाची?"

"जिवंतपणी तीनदा संधी दिली होती ना त्याने."

बिबियाना ओढा ओलांडून गेली तेव्हा मैदान भरलं होतं. मधोमध लाकडी मचाण, त्यावर दापिलाला बसवलेलं. पट्ट्यापट्ट्यांचा जाड सदरा, लाल टोपी, हात मांडीवर. जणू कुणाची तरी वाट बघत डुलकी लागलेली. पर्पेतुआच्या कमरेला कापडाची पट्टी बांधून दोन बायकांनी तिचं टोक धरलं होतं. दुःखाच्या भरात माणूस कुठे धावत सुटेल, नेम नसतो. एका बाजूला धाकटा मुलगा बापाच्या जीलीशी बसला होता. त्याच्या शेजारी कुनिफा. त्याची जील उघडी, छत्तीस भोकं उघड्या तोंडांसारखी. ऊन कलायला लागलं होतं आणि लोक त्याच्याकडे बघून कुजबुजत होते. कुनिफा कुणाकडेच बघत नव्हता.

ती थेट मचाणापुढे गेली. असं कुणी नवी सून जात नाही, त्यामुळे कुजबूज थांबली. सबीनाने शेजारणीला कोपराने ढोसलं. बिबियानाला वाटलं, मागे फिरावं. मग तिचं लक्ष दापिलाच्या तोंडाकडे गेलं. एक कोपरा किंचित वर होता, भेंडी महाग आहे का विचारताना असायचा तसाच.

"दापिला," ती म्हणाली. आवाज उंदरासारखा निघाला. तिने पुन्हा म्हटलं, "ए दापिला. ओबुआसीत भेंडी महाग नाही. तुझे दातच दोन उरले होते. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. भेंडी मधून निघून जायची, त्याला मी काय करू?"

मग मागून एमेरेन्शिया खदखदून हसली आणि तिच्यामागोमाग अर्धं मैदान हसलं. कोणीतरी म्हाताऱ्याने ओरडून विचारलं, "कोण गं ही?" आणि कुणीतरी तिच्या बापाच्या कुळाचं नाव सांगितलं. "अस्सं," म्हातारा म्हणाला, आणि नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकला.

आता बिबियानाला थांबवणं कुणाच्या बापालाही शक्य नव्हतं. तीन आठवडे साठलेलं होतं. "मला केरसुणी म्हणालास. आहेच मी केरसुणी. सकाळपासून अख्खं गाव झाडायला लावलंय, विचार या बायकांना. तुझ्याच घरात केरसुणी शिरली नाही, म्हणून तुझी बायको म्हातारी झाली आणि तुझे कोळी लठ्ठ झाले. तिच्यापेक्षा त्यांना जपलंस."

"खरंय," पर्पेतुआ म्हणाली. रडता रडता, पट्टी धरलेल्या बायकांना ओढत ती दोन पावलं पुढे आली. "अगदी खरंय. बोल अजून."

"आणि मला मुकी म्हणालास." इथे बिबियाना मचाणाच्या अगदी जवळ गेली. "आता सांग, मुकं कोण? बोल ना. तीनदा येऊन खोड्या काढल्यास, चौथ्यांदा आला असतास तर काय झालं असतं? मी बोलणारच होते. मला माहीत नव्हतं रे. थोडा थांबला असतास."

कोणी हसलं नाही. ती बाहीने नाक पुसून उभी राहिली. मग तिला आठवलं की आपण इथे कशाला आलोय.

"मला तुझी भिंत पाहिजे," ती म्हणाली. "सगळी."

पर्पेतुआने स्वतः पाठच्या खोलीकडे हात केला. "ने गं बाई. चाळीस वर्षं मी त्या कोळ्यांना शिव्या दिल्या, एकदाचा कुणालातरी उपयोग होऊ दे."

आत भिंत खरंच पांढरी होती. कुनिफाची भिंत तिच्यापुढे काहीच नव्हती. बिबियानाने सकाळी असल्याच भिंतीवर केरसुणी फिरवली होती. आता सुरीचं पातं आडवं धरून, श्वास रोखून, ती एकेक पापुद्रा सोडवत होती. भराभर चार निघाले, मग एक फाटला, मग जमत गेलं. तेहतीस झाल्यावर ती थांबली. उरलेल्या भिंतीला तिने हात लावला नाही.

बाहेर कुनिफाने बाटलीचं बूच काढलं. तो बोटाने भोकाच्या कडेला चीक लावायचा आणि ती वर पापुद्रा ठेवायची. दोघांची बोटं चिकटून काळी झाली. लोक भोवती कोंडाळं करून बघत होते. सबीना पुढे आली, इकडेतिकडे बघितलं, आणि कमरेच्या कापडाआडून एक पानाची पुडी काढली. आत आठ पापुद्रे होते, एकही न फाटलेला.

"राहू देत जवळ, एखादा फाटला तर. आमच्या बकऱ्यांच्या गोठ्यातले आहेत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "घरातले नव्हेत."

"कळलं, वहिनी," बिबियाना म्हणाली. "बकऱ्या फार स्वच्छ दिसतात तुमच्या, शेंगदाणेसुद्धा निवडतात." सबीना आधी दचकली आणि मग सगळ्यात मोठ्याने तीच हसली.

चीक वाळला. कुनिफाने दोन्ही काठ्या उचलल्या, जाड पट्टीवर एक ठोका दिला. खालून भोपळा गुणगुणला, भुंगा फुलात शिरल्यासारखा. मैदानातली जुनी माणसं एकदम ताठ बसली. कुनिफाने दुसरी पट्टी वाजवली, तिसरी, आणि हात थांबवून कान भोपळ्याजवळ नेला.

"हा हलकट माझ्या भोपळ्यात येऊन बसलाय," तो म्हणाला. "बेचाळीस वर्षं शेजारी ऐकला हा आवाज. ओळखत नाही होय मी?"

मग त्याने वाजवायला सुरुवात केली. धाकट्याने बापाच्या जीलीवरून उत्तर दिलं. दोन्हीकडून तीच गुणगुण, तेच कोळी, तीच भिंत. ऊन उतरलं तरी कुनिफा उठला नाही. तिसऱ्या दिवशी माती झाली तेव्हा त्याच्या तळहातांना फोड आले होते आणि बिबियानाच्या घशाला. त्या तीन दिवसांत तिने दापिलाला आणखी बरंच काय काय ऐकवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी कुनिफा आपल्या खोलीत चटईवर पडून होता. शेणाचा वास अजून गेला नव्हता. दारातून सून आली. हातात वाटी, वाटीवर दुसरी वाटी उपडी. तिने कोपऱ्यात जाऊन वरची वाटी हळूच बाजूला केली आणि खालची भिंतीला टेकवली. एक मोठी, तपकिरी कोळीण बाहेर आली, क्षणभर थबकली आणि सारवलेल्या भिंतीवरून वर चढायला लागली.

"कुठून आणलीस?"

"पर्पेतुआ आजींकडून. बाहेर अजून दोन आहेत." तिने कोळिणीला वाट मिळावी म्हणून वाटी काढून घेतली. "बाबा, छत्तीस व्हायला किती दिवस लागतील?"

"दिवस? तीन-चार वर्षं धर."

बिबियानाने भिंतीकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. पूर्वीची असती तर इथे तिने मान खाली घातली असती.

"मग चालेल ना?" ती म्हणाली. "की तुम्हाला घाई आहे?"

कुनिफा उठून बसला. मग त्याने चटई भिंतीपासून हातभर अलीकडे ओढून घेतली, कोळिणीला धक्का लागू नये अशी.

"नाही," तो म्हणाला. "घाई कसली? सावकाश करू दे त्यांना."